विश्लेषण : राउटरच्या खोक्यावरचे ‘हर्ट्झ’ कोण होते? त्यांच्या प्रयोगांवरून घरचे वाय-फाय कसे निवडावे?

घरासाठी नवा राउटर घ्यायला दुकानात गेलात किंवा मोबाइलवर खरेदीचे अ‍ॅप उघडले, की खोक्यावर दोन आकडे हमखास दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. दुकानदार सांगतो की पाचवाला घ्या, वेगवान असतो. शेजारी सांगतात की पाचवाला भिंतीपलीकडे पोहोचत नाही. दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते आणि आपण गोंधळून जास्त काड्यांचा, म्हणजे जास्त अँटेनांचा राउटर घरी आणतो. तरीही आतल्या खोलीतला संगणक अडखळतोच.

या आकड्यांपुढे लिहिलेला हर्ट्झ हा शब्द एका माणसाचे आडनाव आहे. जर्मनीतील हाइनरिश हर्ट्झ अवघे 36 वर्षे जगले. राउटर, मोबाइल, रेडिओ यांपैकी काहीही त्यांनी पाहिले नाही. पण भिंत, दार, लोखंड आणि माणूस यांच्यापुढे बिनतारी लहरींचे काय होते, हे त्यांनी 1888 मध्येच तपासून ठेवले होते. त्यांचे आयुष्य समजून घेतले तर राउटरची निवडही सोपी होते.

हर्ट्झ म्हणजे नेमके किती?

एका सेकंदात एक आंदोलन म्हणजे एक हर्ट्झ. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आंदोलने करतो, म्हणून तो 50 हर्ट्झचा. गिगा म्हणजे शंभर कोटी. त्यामुळे 2.4 गिगाहर्ट्झचा राउटर सेकंदाला 240 कोटी आंदोलने करणारी लहर सोडतो, तर 5 गिगाहर्ट्झचा 500 कोटी.

या सर्व लहरी प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातात. वेग ठरलेला असल्याने आंदोलने वाढली की प्रत्येक लहरीची लांबी कमी होते. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, तर 5 गिगाहर्ट्झची साधारण सहा सेंटिमीटर असते. राउटर निवडताना पडणारे बहुतेक प्रश्न या लांबीपाशी येऊन थांबतात. आणि ही लांबी पहिल्यांदा मोजून दाखवणारे हर्ट्झ होते.

त्यांचे बालपण कसे गेले?

हाइनरिश रुडॉल्फ हर्ट्झ यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1857 रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. वडील गुस्ताव्ह वकील होते आणि पुढे हॅम्बुर्गच्या सिनेटचे सदस्य झाले. पाच भावंडांत हाइनरिश थोरले. घर सुखवस्तू आणि शिक्षणाला मान देणारे होते. मुलाला भाषांची गोडी होती, शाळेत असताना तो अरबीही शिकला. पण पुस्तकांइतकाच तो हत्यारांत रमायचा. सुतारकाम शिकला, लेथवर धातू कातायला शिकला आणि घरीच छोटी उपकरणे तयार करू लागला.

त्यांना लेथ शिकवणाऱ्या कारागिराची एक आठवण सांगितली जाते. आपला विद्यार्थी प्राध्यापक झाल्याचे कळल्यावर तो हळहळला, कारण त्याच्या मते एक उत्तम कातारी वाया गेला होता. पुढे हर्ट्झ यांनी जे शोधले त्यासाठी हाच हातांचा सराव कामी आला. कागदावरचे गणित अनेकांकडे होते, पण ते तपासून पाहणारे यंत्र घडवायला असे हात हवे होते.

अभियंता होता होता ते भौतिकशास्त्राकडे कसे वळले?

शालेय शिक्षण 1875 मध्ये संपल्यावर त्यांनी अभियंता व्हायचे ठरवले. फ्रँकफर्टमध्ये प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला, ड्रेस्डेनच्या तंत्रशाळेत काही काळ शिकले, मग एक वर्ष लष्करी सेवा केली. 1877 मध्ये ते म्युनिकला गेले आणि तिथे मनाचा कल लक्षात आला. अभियांत्रिकीत पोट भरण्याची खात्री होती, विज्ञानात ती नव्हती. त्यांनी वडिलांना पत्र लिहून परवानगी मागितली. वडिलांनी ती दिली आणि खर्चही उचलला.

1878 मध्ये ते बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्याकडे आले. हेल्महोल्ट्झ हे त्या काळच्या जर्मन विज्ञानातले सर्वांत मोठे नाव. विद्यापीठाने ठेवलेल्या एका प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने देऊन हर्ट्झ यांनी पुढच्याच वर्षी सुवर्णपदक मिळवले आणि 1880 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डॉक्टरेट पूर्ण केली.

मग मोठा प्रश्न त्यांनी नाकारला का?

स्कॉटलंडचे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1860 च्या दशकात मांडले होते की वीज आणि चुंबकत्व यांच्या हालचालीतून लहरी निर्माण होतात, त्या प्रकाशाच्या वेगाने जातात आणि प्रकाश हाही त्यांचाच एक प्रकार आहे. गणित सुंदर होते, पण अशी लहर कुणी तयार करून दाखवलेली नव्हती. मॅक्सवेल 1879 मध्ये वारले, तेव्हाही सिद्धांत कागदावरच होता.

त्याच वर्षी बर्लिनच्या विज्ञान अकादमीने या सिद्धांताशी निगडित एका प्रयोगासाठी बक्षीस जाहीर केले. हेल्महोल्ट्झ यांनी ते काम हर्ट्झ यांनी घ्यावे असे सुचवले. हर्ट्झ यांनी हिशेब मांडला आणि नकार दिला. हाताशी असलेल्या साधनांनी मिळणारा परिणाम इतका क्षीण असेल की तो दिसणारच नाही, असे त्यांच्या लक्षात आले. हा निर्णय घाबरून घेतलेला नव्हता. पुरेशा वेगाने आंदोलने करणारे साधन मिळाल्याशिवाय वेळ घालवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न मात्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

1883 मध्ये ते कील विद्यापीठात शिकवू लागले. तिथे त्यांना प्रयोगशाळाच नव्हती, म्हणून त्यांनी मॅक्सवेलच्या समीकरणांवर कागद-पेन्सिलीने काम केले. 1885 मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले आणि सोबत उपकरणांनी भरलेली प्रयोगशाळाही. पुढच्या वर्षी, जुलै 1886 मध्ये, तिथल्याच एका सहकाऱ्याची मुलगी एलिझाबेथ डोल हिच्याशी त्यांचे लग्न झाले.

कार्ल्सरूहमध्ये नेमके काय घडले?

1886 च्या शरद ऋतूत विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ठेवलेल्या तारेच्या दोन जुन्या वेटोळ्यांशी ते काम करत होते. एका वेटोळ्यातून ठिणगी उडवली की, जोडणी नसलेल्या दुसऱ्या वेटोळ्यातही ठिणगी उडत होती. अनेकांनी ही गंमत म्हणून सोडून दिली असती. हर्ट्झ यांना मात्र सात वर्षांपूर्वी हवे असलेले वेगवान आंदोलनांचे साधन हेच असल्याचे जाणवले.

त्यांचा प्रक्षेपक साधा होता. मधोमध बारीक फट असलेली सरळ तार, तिच्या टोकांना धातूचे गोळे आणि फटीत ठिणगी उडवण्यासाठी उच्च दाब देणारे प्रवर्तन वेटोळे. ग्राहक त्याहून साधा. तारेचे एक कडे आणि त्यात स्क्रूने कमी-जास्त करता येणारी सूक्ष्म फट. पलीकडे ठिणगी उडाली की या कड्याच्या फटीतही ठिणगी दिसे. ती इतकी लहान असे की फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत आणावी लागे आणि खोली अंधारी करून, डोळे सरावल्यावर पाहावे लागे.

अंधारासाठी ग्राहकावर आवरण घातले, तर ठिणगी आणखीच दुबळी झाली. त्याचा माग घेताना पहिल्या ठिणगीतील अतिनील प्रकाश दुसऱ्या ठिणगीला मदत करतो, हे त्यांना 1887 मध्ये आढळले. हाच प्रकाशविद्युत परिणाम. त्याचे स्पष्टीकरण पुढे 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी दिले आणि त्यासाठीच त्यांना 1921 चे नोबेल मिळाले. हर्ट्झ यांनी मात्र हा शोध नोंदवला आणि ते आपल्या लहरींकडे परत वळले.

व्याख्यानाचे दालन रिकामे का करावे लागले?

लहर मोजायची तर ती कुठेतरी आपटून परत यायला हवी. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळली की काही ठरावीक जागी जोर वाढतो, काही जागी जवळजवळ शून्य होतो. त्या जागांमधले अंतर मोजले की लहरीची लांबी कळते. यासाठी हर्ट्झ यांनी महाविद्यालयाचे व्याख्यानाचे दालन घेतले. साधारण 15 मीटर लांब आणि 14 मीटर रुंद. समोरच्या भिंतीवर 4 मीटर उंच आणि 2 मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला.

अडचण दालनाचीच होती. दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा होत्या आणि त्या लहरींना जवळजवळ भिंतीसारख्या अडवत होत्या. त्यामुळे फक्त मधला पट्टा कामाचा उरला. वरून लोंबणाऱ्या गॅसच्या नळ्या आणि झुंबरेही काढून ठेवावी लागली. मग ते ग्राहकाचे कडे हातात घेऊन अंधारात एकेक जागा तपासत फिरले. कुठे ठिणगी जोरात, कुठे मंद, कुठे गायब. लहरीची लांबी भरली सुमारे 9.6 मीटर. आंदोलनांच्या हिशेबाशी ती गुणली की उत्तर प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जात होते. मॅक्सवेल बरोबर ठरले.

घरच्या राउटरसाठी पहिला धडा इथे मिळतो. खोलीत एखाद्या ठिकाणी वाय-फाय मिळते आणि हातभर सरकले की गायब होते, यात मोबाइल बिघडलेला असेलच असे नाही. भिंती आणि धातूवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना काही जागी मारतात. लहर 12 सेंटिमीटरची असेल तर अशा जागा काही सेंटिमीटरवर असू शकतात. म्हणून राउटर बदलण्याआधी तो वीतभर सरकवून पाहावा. त्याला पैसे लागत नाहीत.

लाकडी दार, पत्रा आणि माणूस यांत फरक काय?

1888 च्या अखेरीस हर्ट्झ यांनी लहर आणखी आखूड केली, सुमारे 66 सेंटिमीटर. आजच्या भाषेत ती साधारण 450 मेगाहर्ट्झची होते. जस्ताचे पत्रे वाकवून दोन मीटर उंचीचे आरसे केले. एका आरशात प्रक्षेपक, दुसऱ्यात ग्राहक. मोटारीच्या दिव्यामागे चकचकीत वाटी असते आणि ती प्रकाश एका दिशेला फेकते, तशीच ही योजना.

मग त्यांनी वाटेत एकेक अडथळा ठेवला. धातूचा पत्रा आला की ठिणगी बंद. लाकडी दार लावले तरी ठिणगी चालूच. बंद खोलीत, बाहेरच्या यंत्राशी कोणतीही तार न जोडता ठिणगी उडताना पाहून त्यांनाही नवल वाटले. सहायक मधून चालत गेला की ठिणगी विझे आणि तो बाजूला झाला की पुन्हा पेटे. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असते आणि पाणी अशा लहरी शोषून घेते, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

घरातली वाय-फायची तक्रार या यादीत बसते. लाकडी दार, प्लायवूडचे पार्टिशन यांतून लहर फारसे नुकसान न होता जाते. विटांची भिंत तिला कमजोर करते. सळ्या घातलेला सिमेंटचा स्लॅब आणि कॉलम अधिक कमजोर करतात. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, स्टीलच्या भांड्यांची मांडणी आणि पाण्याची टाकी यांच्या मागे राउटर ठेवला तर कितीही महागडा घेतला तरी उपयोग नाही. टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर कोपऱ्यात लपवलेला राउटर अनेक घरांत दिसतो. त्याऐवजी तो घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, माणसाच्या खांद्यापेक्षा उंच ठेवावा. उंचीमुळे फर्निचर आणि माणसे दोन्ही वाटेतून टळतात.

राउटरच्या काड्या कशा ठेवाव्यात?

हर्ट्झ यांनी ग्राहकाचा आरसा हळूहळू फिरवून पाहिला. प्रक्षेपकाची तार उभी आणि ग्राहकाचीही उभी असली की ठिणगी चांगली. ग्राहक आडवा केला की ठिणगी नाहीशी. मग त्यांनी दोन मीटरच्या चौकटीवर तीन-तीन सेंटिमीटरवर तांब्याच्या तारा ताणून जाळी केली. तारा एका दिशेने धरल्या तर लहर अडे, काटकोनात फिरवल्या तर पार जाई. डांबरासारख्या पदार्थाचा सहाशे किलोंचा लोलक ओतून लहर वाकवूनही दाखवली. प्रकाश परावर्तित होतो, वाकतो, ठरावीक दिशेने कंप पावतो. ही अदृश्य लहरही तेच करत होती.

राउटरची काडी उभी ठेवली तर लहर तिच्या चारही बाजूंना पसरते, डोक्याच्या दिशेला मात्र कमी जाते. एकाच मजल्यावरच्या फ्लॅटसाठी काड्या उभ्या ठेवाव्यात. वर-खाली दोन मजले असतील तर एखादी काडी आडवी करून पाहावी. आत अँटेना असलेले, बाहेर काडी नसलेले राउटरही चांगले चालतात. काड्यांची संख्या पाहून दर्जा ठरवू नये.

2.4 घ्यावे की 5?

आखूड लहर भिंतीत अधिक लवकर क्षीण होते. म्हणून 5 गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत उत्तम चालतो आणि दोन-तीन भिंतींनंतर मागे पडतो. 2.4 गिगाहर्ट्झ लांब पोहोचतो, पण तिथे गर्दी फार असते. ब्लूटूथची उपकरणे त्याच पट्ट्यात आहेत, मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो आणि इमारतीतल्या प्रत्येक घराचा राउटर तिथे बोलत असतो. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच वापरले जातात : 1, 6 आणि 11. 5 गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल बरेच जास्त आहेत.

म्हणून उत्तर एक किंवा दुसरा असे नाही. दोन्ही पट्टे असलेला, म्हणजे ड्युअल बँड राउटर घ्यावा. जवळचा लॅपटॉप आणि टीव्ही 5 वर ठेवावा. लांबच्या खोलीतली उपकरणे, दाराची बेल किंवा स्मार्ट दिवा 2.4 वर ठेवावा. असे अनेक स्मार्ट दिवे तर फक्त 2.4 वरच चालतात. काही नवे राउटर 6 गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टाही देतात. तो वापरण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि आपला फोन किंवा संगणक तो पट्टा ओळखत नसेल तर त्याचे पैसे वाया जातात.

खोक्यावरचा वेग खरा किती?

एसी 1200 असे लिहिले असेल, तर एकाच फोनला 1200 मेगाबिट मिळतील असा त्याचा अर्थ नाही. 2.4 वरचे 300 आणि 5 वरचे 867 यांची बेरीज करून, पुढे वाढवून हा आकडा छापलेला असतो. शिवाय ही आदर्श स्थितीतली मर्यादा आहे.

खरी फसगत राउटरच्या मागच्या बाजूला होते. स्वस्त राउटरवर वायरीची पोर्ट 100 मेगाबिटची असते. तुमचा फायबरचा प्लॅन 200 किंवा 300 मेगाबिटचा असेल आणि पोर्ट 100 ची असेल, तर वर वाय-फाय कितीही वेगवान असो, इंटरनेट 95 मेगाबिटच्या आसपासच अडते. म्हणून खोक्यावर गिगाबिट पोर्ट हा शब्द शोधावा. वाय-फायच्या पिढ्यांतही फरक आहे. आज घेताना किमान वाय-फाय 5 असावे आणि घरात दहा-पंधरा उपकरणे असतील तर वाय-फाय 6 घेणे शहाणपणाचे, कारण ते एकाच वेळी अनेकांशी बोलण्यासाठी घडवलेले आहे.

टेबलावरून न हलणाऱ्या संगणकाला मात्र सरळ लॅनची वायर लावावी. तारेला ना भिंत अडवते ना शेजाऱ्याचा राउटर, आणि तेवढी हवा इतर उपकरणांसाठी मोकळी होते.

हर्ट्झ यांना बिनतारी संदेशाची कल्पना का आली नाही?

1889 मध्ये एका जर्मन अभियंत्याने त्यांना पत्राने विचारले होते की या लहरींवरून टेलिफोनचा आवाज पाठवता येईल का. हर्ट्झ यांनी प्रामाणिक हिशेब करून नाही असे कळवले. आवाजाची आंदोलने सेकंदाला हजाराच्या घरात असतात, म्हणजे लहर सुमारे 300 किलोमीटरची. ती एकवटायला खंडाएवढा आरसा लागेल, असे त्यांचे म्हणणे होते.

हिशेबात चूक नव्हती. आवाज स्वतः लहर होऊन जाणार, असे त्यांनी धरले होते. वेगवान लहरीच्या पाठीवर आवाज बसवून पाठवायचा, ही युक्ती नंतर आली. आज 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झ ही अशीच वाहक लहर आहे. तुमचा व्हिडिओ तिच्यात बदल घडवून तिच्यावर स्वार होतो. खोक्यावर गिगाहर्ट्झ आणि मेगाबिट असे दोन वेगळे आकडे असतात ते यामुळेच. पहिला वाहनाचा प्रकार सांगतो, दुसरा किती माल जातो ते.

शेवटची वर्षे कशी गेली?

1889 मध्ये हर्ट्झ बॉन विद्यापीठात गेले. तेव्हा ते 32 वर्षांचे होते आणि युरोपभर त्यांचे नाव झाले होते. 1890 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले. थोरली मुलगी योहाना 1887 मध्ये जन्मली होती, धाकटी माटिल्ड 1891 मध्ये. 1892 पासून दुखणे सुरू झाले. डोकेदुखी, मग नाक, कान आणि जबड्यात पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक दुर्मिळ आजार त्यांना असावा, असे आजचे डॉक्टर मानतात. तेव्हा त्यावर औषध नव्हते.

वेदना असतानाही ते शिकवत राहिले आणि यांत्रिकीच्या मूलतत्त्वांवरचे पुस्तक लिहीत राहिले. 1 जानेवारी 1894 रोजी बॉनमध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले आणि त्याची प्रस्तावना त्यांच्या गुरूंनी, हेल्महोल्ट्झ यांनी लिहिली. त्याच वर्षी हेल्महोल्ट्झही गेले.

हर्ट्झ यांचे काम मात्र पुढे निघाले. त्यांच्या निधनानंतर झालेल्या चर्चेतून इटलीतील तरुण मार्कोनीला बिनतारी तारायंत्राची कल्पना सुचली. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी हर्ट्झपेक्षाही कितीतरी आखूड, काही मिलिमीटरच्या लहरी तयार केल्या आणि 1895 मध्ये त्या भिंतींपलीकडे पाठवून जाहीर प्रात्यक्षिक दाखवले.

हे नाव पुसण्याचा प्रयत्न का झाला?

हर्ट्झ यांच्या वडिलांचे घराणे मूळचे ज्यू. वडिलांच्या बालपणीच कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि हाइनरिश जन्माने ल्युथरन होते. नाझी राजवटीला हे पुरेसे नव्हते. हॅम्बुर्गच्या नगरभवनात सन्मानाने लावलेले त्यांचे चित्र उतरवण्यात आले. धाकटी मुलगी माटिल्ड तोवर नामांकित जीवशास्त्रज्ञ झाली होती, तिचे काम थांबले. 1930 च्या दशकाच्या मध्यात पत्नी एलिझाबेथ आणि दोन्ही मुलींना जर्मनी सोडून इंग्लंडला जावे लागले.

नाव मात्र चित्रात अडकलेले नव्हते. आंदोलनांच्या एककाला हर्ट्झ म्हणायचे, हे आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने 1930 मध्येच ठरवले होते. 1960 मध्ये वजन-मापांच्या जागतिक परिषदेने ते स्वीकारले. आज ते घराघरातल्या खोक्यावर छापलेले असते.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

- फायबर कंपनीच्या डब्यातच वाय-फाय आहे का, हे आधी पाहा. असल्यास प्रथम त्याची जागा बदलून पाहा. वेगळ्या राउटरची गरज कदाचित पडणार नाही.
- राउटर ड्युअल बँड आणि गिगाबिट पोर्टचा असावा. प्लॅनच्या वेगापेक्षा पोर्ट लहान नको.
- आपला फोन आणि लॅपटॉप वाय-फायची कोणती पिढी ओळखतात ते पाहा. त्यापुढचे घेतले तर लगेच फायदा दिसत नाही.
- घर मोठे, दुमजली किंवा जाड दगडी भिंतींचे असेल तर एक ताकदवान राउटर घेण्यापेक्षा दोन-तीन डब्यांची मेश यंत्रणा बरी. ते डबे वायरीने जोडता आले तर सर्वांत उत्तम. साधा रिपीटर त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.
- डब्ल्यूपीए 3, नाहीतर किमान डब्ल्यूपीए 2 सुरक्षा सुरू ठेवा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला. लाकडी दारातून ठिणगी पलीकडे जाते हे हर्ट्झ यांनी पाहिले होते. तुमचे वाय-फायही दारापाशी थांबत नाही, ते जिन्यात आणि शेजारच्या घरातही पोहोचते.
- घेतलेला राउटर परत करण्याची मुदत किती, हे विचारून ठेवा. घरी आणल्यावर प्रत्येक खोलीत मोबाइलवर वेग मोजा आणि मगच त्याची कायमची जागा ठरवा.

हर्ट्झ यांनीही कार्ल्सरूहच्या अंधाऱ्या दालनात तेच केले होते. ग्राहक हातात घेऊन एकेक जागा तपासली होती.